अवघडबाईंनी न पाहिलेलं मीठ

२०१५ साल होतं आणि मी सदुसष्ट वर्षांचा होतो. घणसोली गावातल्या आमच्या घराची वरच्या मजल्यावरची खोली रिकामी झाली होती आणि ती बघायला एक बाई आली. उंच, सावळी, खांद्याला कापडी पिशवी. खोली बघायला आलेला माणूस आधी नळ सोडून बघतो, मग पाणी किती वाजता येतं ते विचारतो. या बाईने नळाकडे बघितलंही नाही. मी ओट्यावर बसलो होतो. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, तुम्ही काय काम करायचात?"

"घराचा मालक हाय मी," मी म्हटलं.

"ते कळलं. काम काय करायचात?"

मला राग आला. तरी सांगितलं, "मिठागर होतं आमचं. मीठ पिकवायचो. जागा शहराला गेली, मग कंपनीत लागलो. झालं?"

"मीठ पिकवायचं म्हणजे," ती म्हणाली, "त्यात अवघड काय असतं?"

माझ्या उभ्या आयुष्यात हे कुणी विचारलं नव्हतं. जमीन मोजायला आलेल्यांनी किती एकर ते विचारलं. कंपनीतल्या साहेबाने किती शिकलास ते विचारलं. चौथी म्हटल्यावर पुढे बोललाच नाही. सोयरीक करायला आलेल्यांनी खोल्या किती ते विचारलं. त्यात अवघड काय, हे कुणालाच नको होतं. मला पटकन उत्तर सुचलं नाही, आणि सुचलं नाही हे तिला कळूही द्यायचं नव्हतं. म्हटलं, "खोली पायजे का नको तेवरा बोला." तिने खोली घेतली.

बाई कराडकडच्या. इथे पालिकेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवायला आल्या होत्या. माझी नात सानिका तेव्हा त्यांच्याच वर्गात, सातवीला. हे जे मी लिहितो आहे त्यातलं शुद्धलेखन सानिकाचं आहे, मतं माझी आहेत. पोरांनी बाईंचं नाव आठवड्याभरात ठेवलं, अवघडबाई. नंतर सगळा गाव तेच म्हणायला लागला. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सोपी बाई म्हणाले असते तर राग आला असता."

तो प्रश्न त्यांनी कुणाला सोडला नाही. नाक्यावर मावरं विकणाऱ्या माझ्या मावसबहिणीला विचारलं, तर ती कोयता खाली न ठेवता म्हणाली, "तुजेसारका गिराईक अवघड. घेत काय नाय, इचारतंय हजार." बाई तिथेच पाटावर बसून हसल्या आणि मग रोज तिच्याकडूनच मासळी घ्यायला लागल्या. आमच्या खालच्या खोलीत न्हावा शेव्याला कंटेनरची गाडी चालवणारा एक भाडेकरू होता. बाईंना वाटलं, एवढी लांब गाडी मागे घेणं अवघड असेल. तो म्हणाला, "मागे घेणं हाताला बसतं हो बाई. बंदराच्या गेटवर लाइनीत उभं राहायचं आणि डोळा लागू द्यायचा नाही, ते अवघड. डोळा लागला की मागचा पुढे घुसतो, आणि मग आपण उद्यावर."

दुसऱ्या दिवशी ही माणसं बाईंच्या वर्गात जायची. स्वतः नाही, बाईंच्या तोंडून. घर्षणाचा धडा असला की ट्रेलरचा ब्रेक यायचा. मासे का नासतात, या धड्यात मावसबहिणीचा बर्फ यायचा. आज आपण व्यवसायाची माहिती घेणार आहोत, असं बाई कधी म्हणायच्या नाहीत. सानिका जेवताना सांगायची आणि आमची म्हातारी हातातला घास तसाच धरून ऐकायची. तिला घर्षण काय ते माहीत नव्हतं, पण भाडेकरूचं नाव धड्यात आलं याचं तिला फार कौतुक.

एक गोष्ट बाईंना चालायची नाही. मोठेपणी कोण होणार, हे पोरांना विचारलेलं. मी एकदा ओट्यावर सानिकाला विचारलं तर जिन्यावरून खाली आल्या. म्हणाल्या, "बाबा, तो प्रश्न नका विचारू. त्याला पोरं तुम्हाला आवडेल ते उत्तर देतात. असं विचारा, एक दिवस कुणाचं काम करून बघशील?"

मी विचारलं. सानिका म्हणाली, "दोरीला लटकून टॉवरच्या काचा पुसतात ना, त्या माणसाचं."

तो टॉवर जिथे उभा आहे तिथे माझ्या बापाची भाताची खाचरं होती. आणि माझी नात दोरीला लटकून त्याच्या काचा पुसणार. बाईंना म्हटलं, "हे शिकवता काय शाळेत?"

"एकच दिवस, बाबा," बाई म्हणाल्या. "आणि तिला वरून खाडी बघायची असेल. विचारलंत का?"

मी विचारलं नाही. नंतर म्हातारीने विचारलं. तसंच होतं.

पालकांच्या समितीवर मी होतो, आपल्या नातीसाठी. त्या डिसेंबरात सातवीच्या वर्गात बैठक बसली. पोरांना कामधंद्यांची ओळख करून द्यावी असा काही कागद वरून आला होता आणि मास्तरांची मतं घ्यायची होती. मी बारक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो आणि सगळं ऐकलं. मास्तर लोक भांडताना मी पहिल्यांदाच बघितले. आमच्यासारखेच भांडतात, फक्त मधे मधे चहा पितात.

गणिताचे सर म्हणाले, "आधी अपूर्णांक येऊ देत. पोरं सातवीत आहेत, उद्या कामाला लावायची नाहीत. माझा पोर्शन आत्ताच मागे आहे." खेळाच्या सरांचं म्हणणं, की डॉक्टर-इंजिनिअर सोडून दुसरं नाव काढलं की आईबाप शाळेत भांडायला येतात. हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते. मराठीच्या बाई वयस्कर, रिटायर व्हायला आलेल्या. त्या फार हळू बोलल्या. "या पोरांच्या घरी सकाळपासून रात्रीपर्यंत कामाचंच बोलणं. कुणाची पाळी, कुणाची सुट्टी कापली. अर्ध्या पोरी धुणंभांडी उरकून शाळेत येतात. इथे तरी त्यांना कामापासून सुट्टी असू द्या. मी कविता शिकवते तेवढा वेळ तरी."

मला ते पटलं होतं.

अवघडबाई म्हणाल्या, "बाई, तुमची कविता मला नकोय. मी वेगळा तासच मागत नाही. धड्यातच घालते, भाजीत मीठ घालतात तसं. ताटात नुसतं मीठ वाढलं तर कोण खाईल?"

मोठे सर म्हणजे हेडमास्तर. त्यांना भांडण मिटवायचं होतं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आजोबा, तुम्ही सांगा. पालक म्हणून."

मी उभा राहिलो. म्हटलं, "आमी पोरांना शाळेत धाडतो ते आमचं काम त्यांना करायला लागू नये म्हणून. आता तुमी तेच काम त्यांना शाळेत दाखवता. मना पटत नाय." आणि बसलो. गणिताच्या सरांनी मान हलवली. बाईंनीही हलवली, राग न धरता, जणू बरोबर उत्तर आलं.

शेवटी मोठ्या सरांनी तोड काढली. मार्चमध्ये तपासणीला साहेब येणार होते. बाईंनी असा एक पाठ साहेबांना दाखवावा. साहेब चालेल म्हणाले तर पुढच्या वर्षी सगळ्या वर्गांना लावू. नाही म्हणाले तर बंद, आणि मग त्यावर बोलणं नाही. बाई कबूल झाल्या. तेव्हापासून त्यांची झोप गेली. वर खोलीत येरझाऱ्या घालायच्या, खाली आमच्या छताला कळायचं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसल्या. साहेबांसमोर त्यांना बाष्पीभवनाचा धडा घ्यायचा होता. म्हणाल्या, "बाबा, मीठ करून दाखवाल?"

"मिठागर मेलं," मी म्हटलं. "मेलेला धंदा पोरांना दाखवून काय करू? आणि बैठकीत मी तुमच्या विरुद्ध बोललो ते इसरलात?"

"म्हणून तर तुम्हाला विचारते. जो माझ्या बाजूने बोलला असता तो कसंही करून दाखवेल. तुम्ही नीट केल्याशिवाय राहणार नाही."

आता याला काय म्हणावं. मी म्हटलं, "बघू." म्हातारी आतून म्हणाली, "करतील ते. बघू म्हनले म्हंजे करतील."

शाळेच्या मागच्या अंगणात, नळाच्या पलीकडे, मी एक वाफा आखला. भाच्याच्या टेम्पोतून जुन्या बांधावरची माती आणली. वाफ्याची जमीन आधी पायाने तुडवायची असते, तुडवून तुडवून लादीसारखी करायची, नाहीतर मिठात चिखल उतरतो. सातवीची सगळी पोरं बूट काढून वाफ्यात उतरली. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने पाय टाकायचे, माझ्या बापाने आम्हाला शिकवलं होतं तसे. सिडकोच्या फ्लॅटमधली एक गोरी पोर पहिल्यांदा चिखलात पाय घालायला तयार नव्हती. नंतर तिला बाहेर काढायला तिच्या आईला यावं लागलं. गणिताचे सर खिडकीतून बघत होते. थोड्या वेळाने बाहेर आले आणि म्हणाले, "वाफ्याचा उतार किती ठेवलाय?" मी म्हटलं, "पाणी जाईल एवढा." त्यांनी पोरांकडून तो मोजून घेतला. मला त्याची गरज नव्हती, पण मोजू दिलं.

भरतीचं पाणी कॅनमधून आणायचं, वाफ्यात सोडायचं, ऊन खाऊ द्यायचं, आटलं की परत सोडायचं. रोज दुपारी मी तिथे जाऊन बसायचो. सांगायला लाज नाही, इतक्या वर्षांत असं जेवण गेलं नव्हतं. म्हातारी म्हणायची, "अवो, पगार देतान काय साळंत?"

आणि एका दुपारी पाण्यावर पहिली साय धरली. मिठाची साय फार पातळ असते, तिरपं बघितलं तरच दिसते. पोरं वेडी झाली. एकाने बोट पुढे केलं तर मी ओरडलो, "हात नाय लावायचा." सगळी मागे सरली. बाई तिथेच होत्या. मला तेव्हा त्यांचा पहिल्या दिवशीचा प्रश्न आठवला आणि उत्तर तोंडात आलं.

"बाई, तुमी इचारलं होतं ना, अवघड काय. हे अवघड. साय दिसली की हात शिवशिवतात. वाटतं, मीठ कडेला ओढून घ्यावं. लवकर ओढलं की माती येते, कडू येतं, दाणा धरत नाय. पानी द्यायचं, ऊन द्यायचं आनि हात बांधून बसायचं. माझा बाप आमच्या हातावर काठी मारायचा त्यासाठी."

बाई वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसल्या. मग म्हणाल्या, "बाबा, सहावी-सातवीच्या पोरांचंही हेच आहे. आत्ता पाणी सोडायचं. ओढायचं नाही. हे मला बैठकीत बोलता आलं नाही."

तपासणी सोमवारी होती. मी म्हटलं, सोमवारी सकाळी दाणा दिसेल, आणि दुपारी साहेबांसमोर पोरांच्या हाताने ओढू. बाईंनी आदल्या शनिवारी साय बघितली होती, दाणा अजून धरला नव्हता. रविवारी शाळा बंद.

सोमवारी सकाळी मी इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून गेलो तर वाफा नव्हता. म्हणजे माती होती, पाणी होतं, मीठ नव्हतं. साहेब येणार म्हणून रविवारी शाळा धुऊन काढा असा निरोप होता आणि त्या दिवशीच आलेल्या बदली शिपायाने पाइप लावून पुढचं-मागचं सगळं अंगण धुतलं होतं. मागे कुठलंतरी गढूळ पाणी साचलंय, मच्छर होतील, असं त्याला वाटलं. बिचाऱ्याने वाफ्याच्या कडासुद्धा घासल्या होत्या. तो माझ्यासमोर उभा राहून रडायला लागला, आता त्याला काय बोलणार.

बाईंना म्हटलं, "आज नको. साहेबांना सांगा, आठ दिवसांनी या."

"साहेब आठ दिवसांनी येत नसतात, बाबा," बाई म्हणाल्या आणि चपला काढून वाफ्यापाशी उभ्या राहिल्या.

साहेब चांगला माणूस होता. टापटीप, घाईत. पोरं वाफ्याभोवती बसली होती. बाईंनी बाष्पीभवन घेतलं, फळा नाही, मीठ नाही, नुसती ओली माती. मग पोरांना विचारलं, "यात अवघड काय होतं?" माझी सानिका उठली आणि म्हणाली, "हात न लावणं." मग दुसऱ्या पोरांनीही हात वर केले. एक म्हणाला, तुडवणं. ती फ्लॅटमधली पोर म्हणाली, "धुतलं गेलं तरी आज इथे येऊन बसणं." मराठीच्या बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी मातीकडे बघून म्हणाले, "कल्पना छान आहे. पण मॅडम, दाखवायला काहीतरी हवं होतं." चहा घेतला आणि गेले. चालेल असंही म्हणाले नाहीत, बंद करा असंही नाही. मोठ्या सरांनी त्याचा अर्थ बंद असा लावला. त्यांनाही वर तोंड द्यायचं असतं.

त्या संध्याकाळी बाई वर गेल्या नाहीत, ओट्यावरच बसल्या. म्हातारीने भाकरी आणि सुकट वाढलं, ते खाल्लं. मी म्हटलं, "पुढच्या उन्हाळ्यात परत घालू वाफा. तुमाला मीठ दाखवल्याबिगर सोडनार नाय."

"दाखवाच," बाई म्हणाल्या. "मी अजून बघितलं नाही. नुसती साय बघितली."

पुढचा उन्हाळा काही आला नाही. मे महिन्यात बाईंची बदली दिघ्याच्या शाळेत झाली. दिघा काय, इथून रिक्षाने जायचं. पण शाळा सकाळची होती आणि त्यांना जवळ खोली मिळाली. जाताना नळ सोडून बघितला आणि म्हणाल्या, "आता बघितला. चांगला आहे." म्हातारीने ओटी भरली. पुढे दोनेक वर्षांनी आईच्या आजारपणासाठी त्या कराडकडे परत गेल्या.

फोन मात्र दिवाळीला यायचा. तब्येत वगैरे झालं की ठरलेलं बोलणं.

"बाबा, मीठ कधी दाखवताय?"

"तुमी या, मग घालतो वाफा."

"करून पाठवून द्या ना."

"मीठ टपालाने बघायची गोष्ट हाय काय? धरताना बघावं लागतं."

"मग येईन."

मी हटलो नाही, त्यांना यायला जमलं नाही. असं चाललं.

गणिताचे सर अजून आहेत. परवा शेजारच्या पोराच्या पेपरात मी दोरीवर काच पुसणाऱ्या माणसाचं गणित बघितलं. बाईंचं नाव ते काढत नाहीत. मराठीच्या बाई रिटायर झाल्या. बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आजोबा, मी अजून माझ्या मतावर आहे हं. पोरांना सुट्टी हवीच. पण ते मीठ धुतलं गेलं तेव्हा सगळ्यात वाईट मला वाटलं होतं." सानिका काचा पुसायला गेली नाही. न्हावा शेव्याला मालाची कागदपत्रं करणाऱ्या ऑफिसात लागली. तिचा बाप बँकेच्या परीक्षांच्या मागे होता, मी म्हटलं, तिला ओढू नको. घरी नवीन माणूस आला की ती चहाआधी विचारते, तुमच्या कामात अवघड काय? तेव्हा मी उठून आत जातो. ऐकवत नाही आणि ऐकावंसंही वाटतं.

या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, सानिका ऑफिसातून आली ती चप्पल न काढता ओट्यावर बसली. त्यांच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला होता. अवघडबाई गेल्या. आठ-दहा दिवस आजारी होत्या म्हणे, कुणाला कळवलं नाही. म्हातारीने दिवा लावला आणि तशीच भिंतीला टेकून बसली. वरच्या खोलीत हल्ली एक नर्स राहते, तिच्या पावलांचा आवाज येत होता. मी छताकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून कॅन घेतला आणि भरतीची वेळ धरून खाडीवर गेलो. तिवरांच्या कडेने उतरायला आता त्रास होतो, पण उतरलो. पाणी भरून आणलं, फडक्यातून गाळलं. म्हातारीची पीठ मळायची मोठी परात गच्चीवर नेली, बाईंच्या खोलीच्या दारासमोर जिथे दिवसभर ऊन असतं तिथे ठेवली आणि तिच्यात पाणी ओतलं. म्हातारी मागोमाग जिना चढून आली. मी तिला आणि त्या नर्सला दोघींना सांगितलं, "हिला कुनी हात लावायचा नाय." मग स्टूल आणून सावलीत ठेवलं आणि हात बांधून बसलो.